स्कॅनर ‘स्वच्छ’ म्हणतो तेव्हा

मे २०२४ च्या अखेरीस दोन तिबेटी वेबसाइट्स उघडणाऱ्या काही वाचकांना पडद्यावर एक सूचना दिसू लागली. सुरक्षा प्रमाणपत्रात बिघाड झाला आहे, पुढे जायचे असेल तर नवे प्रमाणपत्र उतरवून घ्या, असा तिचा मजकूर होता. रंग, अक्षरे, मांडणी सगळे हुबेहूब गूगल क्रोम ब्राउझरसारखे. एक वेबसाइट ‘तिबेट पोस्ट’ या वृत्तपत्राची होती, दुसरी कर्नाटकातल्या ग्युदमेद तांत्रिक विद्यापीठाची. बटण दाबणाऱ्याच्या संगणकात प्रमाणपत्राऐवजी ‘कोबाल्ट स्ट्राइक’ उतरत होते. सुरक्षा चाचणीसाठी बनवलेल्या या साधनाचा गैरवापर करून दूर बसलेला माणूस दुसऱ्याचा संगणक ताब्यात घेऊ शकतो. रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये हा प्रकार जाहीर केला आणि त्यामागे चीन सरकारशी संबंधित ‘टॅग-११२’ नावाचा गट असल्याचे सांगितले. दोन्ही वेबसाइट्स ‘जूमला’ या प्रणालीवर उभ्या होत्या. तिच्यातल्या त्रुटीतून हल्लेखोर आत शिरले असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीला ही बातमी परकी वाटू नये. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातले हे गाव धान आणि मिरचीचे. त्याच्या शेजारच्या गोठणगाव-प्रतापगड परिसरात, इटियाडोह धरणाच्या मुलखात, १९७२ पासून नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. देशभर अशा वसाहतींमध्ये विखुरलेला समाज एकमेकांशी जोडलेला राहतो तो बातम्यांच्या आणि मठांच्या वेबसाइट्समुळे. हल्लेखोरांनी हात घातला तो नेमका या धाग्याला. त्यांनी वाचकांना फसवी ईमेल पाठवत बसण्याऐवजी वाचक ज्या पानावर विश्वासाने येतात त्या पानाच्या फायलींमध्येच कोडच्या काही ओळी घुसडल्या.

सुरक्षा क्षेत्रात याला पाणवठ्यावरचा हल्ला म्हणतात. नवेगावच्या जंगलात वाघ चितळांच्या मागे रानभर धावत नाही, पाण्याच्या कडेला दबा धरून बसतो, तशीच ही रीत. तिबेटी समाजाने ती याआधीही सोसली आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅस्परस्की कंपनीने सांगितले की केंद्रीय तिबेटी प्रशासनाच्या चिनी भाषेतल्या वेबसाइटमध्ये असाच घातक कोड पेरला गेला होता. मार्च २०२४ मध्ये ईसेट कंपनीने आणखी एक प्रकरण उघड केले. काग्यू मोनलाम या बौद्ध प्रार्थना महोत्सवाचे आयोजन करणाऱ्या भारतातल्या न्यासाच्या वेबसाइटवर किमान सप्टेंबर २०२३ पासून सापळा होता आणि बोधगयेतला महोत्सव जानेवारी २०२४ मध्ये भरायचा होता.

या काग्यू मोनलाम प्रकरणातली एक गोष्ट वेबसाइट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. पेरलेला कोड आधी येणाऱ्याचा इंटरनेट पत्ता तपासत असे. पत्ता भारत, तैवान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया किंवा अमेरिकेतल्या ठरावीक नेटवर्कचा असेल तरच खोटी सूचना दिसे. बाकीच्यांना वेबसाइट नेहमीसारखी, निर्मळ. म्हणजे दुसऱ्या एखाद्या देशातल्या सर्व्हरवरून कुणी ती वेबसाइट तपासली असती, तर निकाल ‘धोका आढळला नाही’ असाच आला असता. तो निकाल खोटा नसता. त्या स्कॅनरला जे दाखवले गेले, तेवढेच त्याने सांगितले असते.

स्कॅनने काय पाहिले, कशाशी ताडून पाहिले आणि काय पाहिलेच नाही, हे समजल्याशिवाय त्याच्या हिरव्या किंवा लाल रंगाला अर्थ नसतो. शाळा, पतसंस्था, शेतकरी कंपनी, ग्रामपंचायत, वाचनालय, छोटे दुकान अशा सगळ्यांच्या आज वेबसाइट्स आहेत. त्या बनवणारा माणूस पुढे दुसऱ्या गावी जातो आणि वेबसाइट तिथेच राहते. म्हणून तो अर्थ काढायला आपण स्वतः शिकणे भाग आहे.

घर कुठल्या खोल्यांचे

आज जगातल्या दर पाच वेबसाइट्सपैकी दोनहून अधिक ‘वर्डप्रेस’ वर चालतात, म्हणून उदाहरणासाठी तीच प्रणाली घेऊ. वर्डप्रेसची वेबसाइट म्हणजे सर्व्हरवरच्या काही हजार फायली आणि एक डेटाबेस. फायलींचे ढोबळ तीन भाग पडतात. पहिला भाग प्रणालीच्या मूळ फायलींचा. त्या जगभर सारख्याच असतात आणि त्यांना हात लावण्याचे आपल्याला काही कारण नसते. दुसऱ्या भागात थीम आणि प्लगइन येतात, म्हणजे वेबसाइटचे रूप आणि जादा सोयी. तिसरा भाग ‘अपलोड्स’ या फोल्डरचा. त्यात आपण चढवलेली छायाचित्रे आणि पीडीएफ राहतात. मजकूर, वापरकर्त्यांची नावे, पानांच्या नोंदी हे सगळे डेटाबेसमध्ये असते.

ही विभागणी ध्यानात असली तर अर्धा अहवाल आपोआप समजतो. मूळ फायलींमध्ये बदल दिसला तर तो जवळजवळ नेहमीच संशयास्पद. अपलोड्समध्ये चित्रांऐवजी पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारी आज्ञावली, दिसली तर तीही संशयास्पद. थीम आणि प्लगइनमधला बदल मात्र कुणा डेव्हलपरने मुद्दाम केलेला असू शकतो. तिथे विचारपूस करावी लागते.

वर पाहिलेला वाचकांसाठीचा सापळा सोडला, तर आत शिरलेला हल्लेखोर साधारण तीनपैकी एक काम करतो. काही जण मुखपृष्ठावर आपली घोषणा रंगवतात. जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांच्या वेबसाइटवर असा हल्ला झाला आणि तो काही तासांत सगळ्यांना दिसला. काही जण गुपचूप दुसऱ्याच धंद्याचे दुवे पेरतात. मे २०२४ मध्ये टेकक्रंच या नियतकालिकाने दाखवून दिले की गोव्यासह अनेक राज्यांच्या सरकारी वेबसाइट्सचे काही दुवे वाचकांना ऑनलाइन सट्टेबाजीच्या पानांकडे नेत होते. तिसऱ्या प्रकारात ‘मागचे दार’ बसवले जाते. एखादी छोटी फाइल मागे ठेवली जाते, जिच्यातून हल्लेखोर हवे तेव्हा पुन्हा आत येतो. मागच्या दाराला कधीकधी एकच ओळ पुरते. बाहेरून आलेला मजकूर आज्ञा म्हणून चालव, एवढेच ती सांगते. वेबसाइट वर्षभर सुरळीत चालू राहते आणि मालकाला पत्ता लागत नाही.

स्कॅनर काय करतो

फायली तपासण्याच्या पद्धती मुख्यतः तीन आहेत आणि प्रत्येकीच्या निकालाचा अर्थ वेगळा आहे.

सर्वांत जुनी पद्धत खूण पटवण्याची. आधी सापडलेल्या घातक कोडचे ठसे एका यादीत असतात. फाइलमध्ये तसा ठसा आढळला की स्कॅनर इशारा देतो. आपल्याकडे हे काम उभे राहिले ते पुण्यात. साताऱ्याच्या रहिमतपूरचे कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करत. दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी बिघडलेले असत, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढण्याची साधने लिहिली. त्यातून १९९० च्या दशकात ‘क्विक हील’ घडले आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. या पद्धतीचे बळ तिच्या यादीत आहे आणि दुबळेपणाही तिथेच. जे याआधी कुणी पाहिलेले नाही, ते यादीत नसते.

दुसरी पद्धत लक्षणांवरून अंदाज बांधण्याची. फाइलमध्ये एखादी आज्ञा लपवून ठेवली आहे का, बाहेरून आलेला मजकूर थेट चालवला जातो का, एकच ओळ हजारो अक्षरांची आहे का, अशा गोष्टी स्कॅनर पाहतो. नवा घातक कोड यात सापडू शकतो, पण निरपराध फाइलही पकडली जाते.

तिसरी पद्धत मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची, आणि माझ्या मते वेबसाइटसाठी सर्वांत मोलाची तीच. प्रत्येक फाइलची गणिती प्रक्रियेने एक ठरावीक लांबीची खूण काढता येते. तिला हॅश म्हणतात. ‘एसएचए-२५६’ या प्रचलित पद्धतीत ती ६४ अक्षरी असते. फाइल दोन ओळींची असो वा दोन लाख ओळींची, खूण ६४ अक्षरीच. फाइलमध्ये ‘केशोरी’ च्या जागी ‘केसोरी’ एवढा एका अक्षराचा फरक पडला तरी सगळी खूण बदलते. वर्डप्रेस आपल्या प्रत्येक आवृत्तीच्या मूळ फायलींच्या खुणा जाहीर करते. त्यामुळे आपल्या सर्व्हरवरच्या फायली त्या खुणांशी जुळतात का, हे एका आज्ञेत कळते. जुळत नसलेली फाइल कुणीतरी बदललेली आहे. यात अंदाज नाही, मतभेदाला जागा नाही. बदल चांगला की वाईट, एवढाच प्रश्न उरतो.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. डेटाबेसचा पासवर्ड असलेली ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही फाइल प्रत्येक वेबसाइटची वेगळी असल्यामुळे या तपासणीत येत नाही. विकत घेतलेल्या थीम आणि प्लगइनच्या खुणा जाहीर नसतात. तिथे ताडून पाहायला आपण जपलेली मूळ प्रतच लागते.

एक अहवाल जवळून

समजा, केशोरी परिसरातल्या मिरची उत्पादकांच्या एका गटाने माल विकण्यासाठी वर्डप्रेसची वेबसाइट काढली आहे. होस्टिंग कंपनीने दिलेल्या स्कॅनरने पाच ओळींचा अहवाल दिला. अशा अहवालात हमखास दिसणाऱ्या या पाच नोंदी एकेक करून वाचू.

पहिली नोंद: अपलोड्सच्या फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.पीएचपी’, संशयित. अपलोड्समध्ये पीएचपी म्हटल्यावर काळजात धस्स होते. पण आधी आकार पाहावा. २८ बाइट. उघडून पाहिली तर आत फक्त एक टीप आहे, ‘सायलेन्स इज गोल्डन’. फोल्डरमधली यादी बाहेरच्याला दिसू नये म्हणून ठेवलेली ही रिकामी फाइल आहे. वर्डप्रेस स्वतःच्या काही फोल्डरांत ती ठेवते आणि अनेक प्लगइन तिचे अनुकरण करतात. ही नोंद सोडून द्यायची. मात्र त्याच नावाच्या फाइलचा आकार ४० किलोबाइट असता, तर ती सगळ्यांत आधी तपासायला हवी होती. अहवालात फाइलचे नाव आकाराशिवाय कधी वाचू नये.

दुसरी नोंद: ‘फॅव्हिकॉन’ शब्दापुढे विचित्र अक्षरे असलेली ‘.आयको’ फाइल, बाधित. आयको म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसणारे छोटे चित्र. पण ही फाइल मजकूर म्हणून उघडली तर तिची सुरुवात पीएचपीच्या आज्ञेने होते. चित्राचे नाव पांघरलेली आज्ञावली. ही जुनी, अनेक वेबसाइट्सवर सापडलेली खोड आहे. अशा फाइलला आत बोलावणारी एक ओळ दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये लपलेली असते. फक्त चित्र पुसले आणि ती ओळ राहिली, तर काम अर्धेच झाले.

तिसरी नोंद: थीममधली ‘फंक्शन्स.पीएचपी’, कोड घुसवलेला. ही फाइल आपल्याला हवी आहे, ती पुसली तर वेबसाइट बंद पडेल. तिच्यातला परका भाग तेवढा काढायचा आहे. काही स्कॅनर हा फरक निकालाच्या नावातच सांगतात. इम्युनिफाय या होस्टिंग कंपन्यांमध्ये प्रचलित असलेल्या स्कॅनरच्या निकालात ‘एसए’ असेल तर अख्खी फाइलच घातक असते, आणि ‘आयएनजे’ असेल तर चांगल्या फाइलमध्ये घातक भाग घुसवलेला असतो. पहिली पुसायची, दुसरी दुरुस्त करायची किंवा मूळ प्रतीवरून बदलायची. हे दोन संक्षेप ओळखता न आल्यामुळे ‘सगळे डिलीट करा’ चे बटण दाबले जाते आणि वेबसाइट कोसळते.

चौथी नोंद: एका प्लगइनमध्ये ‘बेस६४_डिकोड’ ही आज्ञा, संशयित. इथे थोडे थांबावे लागेल, कारण सर्वाधिक गोंधळ याच शब्दाने होतो. बेस६४ ही मजकूर ६४ साध्या चिन्हांत लिहिण्याची रीत आहे. दर तीन बाइटची चार चिन्हे होतात. ‘केशोरी’ हा शब्द संगणकात १८ बाइट घेतो, तो बेस६४ मध्ये २४ चिन्हांचा होतो. ही कूटलिपी नव्हे, त्यात गुप्त काही राहत नाही, उलगडायला कुणालाही क्षणभर पुरतो. ईमेलला जोडलेली चित्रे याच रीतीने प्रवास करतात. त्यामुळे प्रामाणिक प्लगइनमध्येही ही आज्ञा असते. संशय घ्यावा तो जोडीवरून. उलगडलेला मजकूर लगेच ‘इव्हॅल’ या आज्ञेने चालवला जात असेल, आणि त्यातही उलगडल्यावर आत आणखी एक गुंडाळी, तिच्या आत आणखी एक, असा प्रकार असेल, तर लपवण्याचा हेतू उघड आहे. उलगडून पाहायचे ते फक्त वाचण्यासाठी, चालवायचे नाही. नुसती ‘बेस६४_डिकोड’ दिसली तर प्लगइनची मूळ प्रत त्याच आवृत्तीची उतरवून ताडून पाहावी. दोन्ही सारख्या निघाल्या तर नोंद निकाली काढावी.

पाचवी नोंद: मूळ फायलींच्या फोल्डरमध्ये एक फाइल, ‘ही इथे असायला नको’. या निकालाला तडजोड नाही. वर्डप्रेसच्या त्या आवृत्तीत अशी फाइलच नाही. तिचे नाव शेजारच्या फायलींसारखे ठेवलेले असते, एखाद्या अक्षराचाच फरक, म्हणून नजरेला ती खटकत नाही. हॅश ताडून पाहणाऱ्या तपासणीला ती लगेच खटकते.

पाच नोंदींत एक खोटा इशारा, तीन खऱ्या आणि एक तपासून ठरवायची. अहवाल आला की प्रत्येक नोंदीला चार गोष्टी विचाराव्यात: फाइल कुठे आहे, केवढी आहे, कधी बदलली आणि कुठल्या पद्धतीने पकडली. बदलाची वेळ मात्र पुराव्याइतकी पक्की मानू नये. हल्लेखोर ती मागची घालू शकतो.

शून्याचा अर्थ

अहवालात काही सापडले तर माणूस सावध होतो. ‘बाधित फायली: ०’ हा निकाल जास्त फसवा. क्लॅमएव्ही हा मोफत, मुक्त स्रोत स्कॅनर अनेक सर्व्हरवर असतो. तपासणी संपल्यावर तो एक गोषवारा देतो: यादीत किती ठसे आहेत, किती फोल्डर आणि किती फायली तपासल्या, किती बाधित, किती वेळ लागला. बहुतेक जण फक्त बाधितांचा आकडा पाहतात. मी आधी तपासलेल्या फायलींचा आकडा पाहायला सांगेन. वेबसाइटमध्ये हजारो फायली असताना तपासल्या ४०, तर स्कॅनर चुकीच्या फोल्डरमध्ये फिरून आला आहे किंवा त्याला आत जाण्याची परवानगी नाही. ठशांची यादी शेवटची कधी ताजी झाली, तेही पाहावे. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या फायली असे स्कॅनर सोडून देतात, ही आणखी एक फट.

वर्डफेन्स हे वर्डप्रेससाठीचे लोकप्रिय प्लगइन. त्याच्या मोफत आवृत्तीला घातक कोडचे नवे ठसे पैसे भरणाऱ्यांच्या ३० दिवस मागून मिळतात. म्हणजे आजचा ‘स्वच्छ’ हा महिनाभर जुन्या यादीवरचा असतो. फायली तपासणारा स्कॅनर डेटाबेसमध्ये डोकावेलच असे नाही. तिथल्या एखाद्या पानात पेरलेला कोड किंवा गुपचूप तयार केलेले प्रशासकाचे खाते त्याच्या नजरेबाहेर राहते.

बाहेरून तपासणाऱ्या सेवा, जशा सुकुरीची साइटचेक किंवा गूगलची सुरक्षित ब्राउझिंग तपासणी, वेबसाइटच्या फायली पाहतच नाहीत. पाहुण्याला जे पान दिसते तेच त्या पाहतात. शोधयंत्रातून आलेल्यालाच, मोबाइलवरच किंवा ठरावीक देशातच दिसणारा कोड त्यांच्यापासून लपू शकतो. काग्यू मोनलामच्या वेबसाइटवर नेमके असेच सोंग होते. म्हणून बाहेरची तपासणी करावी, पण आतल्या तपासणीची जागा तिला देऊ नये.

एखादी संशयित फाइल व्हायरसटोटलवर चढवली की सत्तरच्या आसपास इंजिने तिला तपासतात. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलकडे आहे. तिथे चाळीस इंजिनांनी बोट दाखवले तर शंका उरत नाही. एकाच अनोळखी इंजिनाने दाखवले तर खोटा इशारा असण्याचा संभव मोठा. कुणीच दाखवले नाही तर निष्कर्ष एवढाच की ही फाइल आजवर कुणाच्या यादीत आलेली नाही. एक खबरदारी अत्यावश्यक: तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना उपलब्ध होते. पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल, ग्राहकांची यादी, डेटाबेसची प्रत तिथे कधीही चढवू नये. फाइलऐवजी तिचा हॅश शोधला तरी आधीचा निकाल असल्यास सापडतो.

या सगळ्या मर्यादा केवळ साधनांच्या कमतरतेमुळे आहेत का? नाहीत. अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ मध्येच सिद्ध केले की कुठलाही प्रोग्राम पाहून तो विषाणू आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगेल असा प्रोग्राम तत्त्वतःच लिहिता येत नाही. त्यामागचे तर्कशास्त्र ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या कामापर्यंत जाते. चुका कमी करता येतात, शून्य करता येत नाहीत. ‘१०० टक्के सुरक्षा’ विकणाऱ्याकडे म्हणून संशयाने पाहावे.

सापडले तर

घाईने पुसण्याआधी बाधित वेबसाइटची आणि सर्व्हरच्या नोंदवह्यांची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. हल्लेखोर कुठून आला, हे त्या नोंदींमध्येच सापडते. ते दार बंद झाले नाही तर साफ केलेली वेबसाइट पुन्हा बाधित होते. मग वेबसाइट तात्पुरती बंद करून मूळ फायली अधिकृत ठिकाणाहून नव्याने आणाव्यात, थीम आणि प्लगइन स्वच्छ प्रतीवरून बसवावेत, वापरात नसलेले काढून टाकावेत. फुकट मिळतात म्हणून इकडून तिकडून उतरवलेले ‘क्रॅक’ केलेले थीम-प्लगइन हे शिरकावाचे नेहमीचे दार, ते तर ठेवूच नयेत. अनोळखी प्रशासक खाती आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे तपासावीत. होस्टिंग, डेटाबेस, प्रशासक, ईमेल या सगळ्यांचे पासवर्ड बदलावेत आणि ते स्वच्छ संगणकावरून बदलावेत. सगळे झाल्यावर पुन्हा स्कॅन, आणि काही दिवसांनी आणखी एकदा.

कळवण्याची जबाबदारीही आहे. भारतात संगणक सुरक्षेच्या घटनांसाठी सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था २००४ पासून काम करते. २८ एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्थांनी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. कळवायच्या घटनांच्या यादीत वेबसाइटमध्ये घुसून घातक कोड किंवा बाहेरचे दुवे टाकणे हे स्पष्टपणे नमूद आहे. सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपण्याचेही त्यात बंधन आहे. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. घटना लपवल्याने संस्थेची अब्रू वाचत नाही. त्या काळात वेबसाइट उघडणारे लोक मात्र बेसावध राहतात, आणि नुकसान त्यांचे होते.

यातले बहुतेक काम सोपे होते, जर स्वच्छ प्रत हाताशी असेल तर. वेबसाइट ज्यांच्याकडे आहे त्यांना कळकळीने सांगतो: आज वेबसाइट ठीक चालते आहे, तोवरच फायलींची आणि डेटाबेसची प्रत काढा. ती त्याच सर्व्हरवर ठेवू नका, वेगळ्या ठिकाणी ठेवा. कुठली थीम, कुठले प्लगइन, कुठली आवृत्ती, प्रशासक कोण कोण, याची एक पानभर यादी लिहून संस्थेच्या दप्तरात लावा. महिन्यातून एकदा मूळ खुणांशी ताडून पाहणारी तपासणी करा आणि अहवालातला बाधितांचा आकडा वाचण्याआधी तपासलेल्या फायलींचा आकडा वाचा. हे करायला मोठा खर्च लागत नाही, संगणक अभियंताही लागत नाही. नेमून दिलेला एक जबाबदार माणूस लागतो. आपल्या संस्थेत तो माणूस कोण, हे येत्या बैठकीतच ठरवा.